तळलेल्या कमच्या

आमच्या घरात वीज नव्हती, पण घरावरून दोन तारा जात. चंद्रपूरकडच्या मूल गावातल्या एका धानगिरणीच्या आवारात एका टोकाला आमचं कौलारू घर होतं आणि दुसऱ्या टोकाला इंजिनघर. बाबा त्या इंजिनाचे मिस्त्री. घरामागं एक सागवानी बल्ली, म्हणजे उंच खांब, इंजिनघराशी दुसरी, आणि त्या दोन बल्ल्यांच्या मधे या दोन तांब्याच्या तारा ताणलेल्या होत्या, एकीखाली एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर एक वीत अंतर राखून. खालची तार मधोमध तोडलेली होती आणि तिथून पुन्हा दोन तारा, तेवढंच अंतर ठेवून, खाली उतरत आणि खिडकीच्या गजातून आत येऊन बाबांच्या पेटीत शिरत. नवीन आलेल्या एका हमालाच्या बायकोनं आईला विचारलं होतं की तुम्ही इतक्या उंचावर लुगडी वाळत घालता तरी कशी. आई म्हणाली, मी नाई घालत, ते घालतात.

ती पेटी म्हणजे रेडिओ, पण गाणी ऐकायचा नव्हे. बाबा लढाईच्या वर्षांत फौजेच्या वायरलेसमध्ये होते. परत आले ते इंजिनाचं काम आणि हा नाद दोन्ही घेऊन. नागपूरला जाऊन त्यांनी परीक्षा दिली, सरकारचं लायसन्स काढलं, फौजेनं मोडीत काढलेला एक संच कुठून तरी मिळवला आणि गिरणीच्या इंजिनावर मोटारची बॅटरी भरून घेऊन ते जगाशी बोलू लागले. बोलणं सगळं मोर्सच्या टिंबांत आणि रेघांत. बाबा पाठवत तेव्हा कट्ट-कडकट्ट असा खटक्याचा आवाज होई आणि पलीकडचा माणूस बोले तेव्हा पेटीतून बारीक शिटी येई. मला कोणी मोर्स शिकवला नाही. भाषा शिकवावी लागते का घरात? चुलीपाशी बसून ऐकता ऐकता मला ती कळायला लागली, आणि मला कळते हे बाबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, बरं झालं, आणि बॅटरीत पाणी घालू लागले. कौतुक म्हणून आमच्याकडं इतकंच मिळे.

त्या दोन तारांमधलं अंतर हा बाबांच्या जिवाचा विषय होता. वाऱ्यानं तारा झुलतात, उन्हानं सैल पडतात, एकीवर कावळा बसतो आणि दुसरीवर बसत नाही. अंतर कमीजास्त झालं की पेटीतून निघालेली ताकद वाटेतच वाया जाते, आणि एकमेकींना टेकल्या तर संपलंच. म्हणून दर हातभर अंतरावर दोन्ही तारांच्या मधे बांबूची एकेक कमची बांधलेली होती, दोन्ही टोकांना खाच पाडून, खाचेत तार बसवून, वरून बारीक तारेचे आवळून वेढे. पण कच्चा बांबू पाणी पितो. दवानं, पावसानं कमची ओली झाली की तिच्यातून करंट पाझरून जातो. पहिल्या वर्षी बाबांनी इंजिनाचं तेल फासून पाहिलं. ते आत मुरेना, वर भुसा चिकटून प्रत्येक कमची अळीसारखी केसाळ झाली. ते पाहून आईनं सगळ्या कमच्या खाली काढायला लावल्या, मोठी कढई चुलीवर ठेवली, त्यात जवसाचं तेल ओतलं आणि कुरड्या तळाव्यात तशा त्या तळून काढल्या. तेलात टाकली की कमचीतून बुडबुडे येत. ते कमी कमी होत थांबले की आई म्हणे, झालं, पाणी गेलं याच्यातलं. मग जाळ ओढून घ्यायचा आणि कमच्या त्याच तेलात निवू द्यायच्या, म्हणजे पाण्याच्या जागी तेल शिरतं. नंतर उन्हात वाळवल्या की जवसाचं तेल त्यांच्यावर लाखेसारखं कडक होई. बाबांनी एक कमची पाण्याच्या घागरीत रात्रभर बुडवून पाहिली. सकाळी ती पुसून हातात घेतली, तर आत पाणी शिरलेलंच नव्हतं. तेव्हापासून दर दिवाळीनंतर आमच्या घरी चकल्या संपल्या की कमच्या तळल्या जात.

माझा थोरला भाऊ मधुदादा याच खोलीत मोर्स शिकला आणि त्या जोरावर आफ्रिकेत गेला, नैरोबीला, रेल्वेच्या तारखात्यात. तिथं त्यानंही लायसन्स काढलं. मग दर रविवारी दिवेलागणीला, गिरणी बंद असताना, बाबा इकडून आणि दादा तिकडून ठरल्या वेळी पेटीपुढं बसत. कोणाला वाटेल की बापलेक किती बोलत असतील. तसं नव्हतं. लायसन्सचा नियम कडक होता: तांत्रिक गोष्टी बोला, हवापाणी बोला, पण जी बातमी तारेनं कळवण्याइतकी महत्त्वाची आहे ती रेडिओवर द्यायची नाही. त्यासाठी तारऑफिस आहे. कोणीही ऐकत असू शकतं, आणि बाबा तर कोणी ऐकत नसताना जास्तच नियम पाळणारे. तेव्हा, तुझा सिग्नल कसा येतो, माझा कसा येतो, तिकडं पाऊस आहे का, कमच्या ठीक आहेत. पण शेवटी दादा न चुकता विचारे, आज काय? म्हणजे आईनं आज काय रांधलं. बाबा मान वळवून चुलीकडं पाहत आणि विचारत, काय सांगू त्याले? आई सांगे, आणि बाबा रोमन अक्षरांत एकेक अक्षर पाठवत: कोचईच्या पानांच्या वड्या. लाखोळीच्या डाळीचे वडे. अंबाडीची भाजी. आई म्हणे, सरकारच्या हिशेबात माह्या भाजीएवढं बिनकामाचं काही नाई, म्हून तेवढं चालते.

आईला मोर्स येत नव्हता, तरी शिटी सुरू झाली की ती हात पुसत येऊन दारात उभी राही. खटका मारण्याची प्रत्येकाची लय वेगळी असते. त्याला बाबा ‘हात’ म्हणत. आई दादाचा हात ओळखे. आज दमला आहे, आज त्याला सर्दी आहे, आज खुशीत आहे, असं ती शिटीवरून सांगे आणि बहुतेक ते खरं निघे. आता माझी नात परदेशातून मोबाइलवर तोंड दाखवते, मागं तिचा पलंग, तिचा पंखा सगळं दिसतं. तिला सर्दी झाली आहे का हे मला विचारावं लागतं.

फाल्गुनात आई गेली. ताप आला, तो उतरला, पुन्हा आला आणि डोक्यात गेला. चंद्रपूरहून आलेले डॉक्टर तिच्याजवळ बसले, मग बाहेर येऊन हात धुऊ लागले आणि बराच वेळ धूतच राहिले. मंगळवार होता. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. लोक मला सांगत होते की रड, मोकळी हो, आणि मी त्यांच्याकडं पाहत होते. मला काही वाटत नव्हतं. हे मी आज शहाणपणानं म्हणत नाही, तेव्हाही मला ते माहीत होतं आणि त्याचीही भीती वाटत नव्हती. इंजिन बंद ठेवलं होतं तेवढं लक्षात आहे. इतक्या वर्षांत कामाच्या दिवशी ते कधी बंद नव्हतं, त्यामुळं कानात सतत काही तरी पडायचं राहून गेल्यासारखं होत होतं. मोहाची फुलं पडू लागली होती आणि तो गोड जड वास सगळ्या गावावर होता.

बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, नागभीडकडून आली आणि तिनं घर हातात घेतलं. लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही, रीतिरिवाजाला अतिशय कडक. लहानपणी दादा आजारी होता तेव्हा वर्षभर तिनंच त्याला सांभाळलं होतं. बाबा तिला बाई म्हणत आणि तिच्यापुढं कधी मोठ्यानं बोलत नसत. सुतकाचं आमच्याकडं असं असे की घरात तेल तापवायचं नाही. कढई चढत नाही, फोडणी पडत नाही, तळण तर नावाला नाही. आत्या वरण शिजवी, मीठ टाकी, तसंच भातावर वाढी. आईची कढई तिनं पहिल्याच दिवशी उचलून माळ्यावर पालथी घातली. मी ते वरण जेवत होते आणि त्यात फोडणी नाही हे मला जिभेला कळत नव्हतं, फक्त डोळ्यांना दिसत होतं.

नातेवाइकांनी बाबांना सांगितलं, मधूला तार करा. करतो, म्हणाले, आणि केली नाही. दुसऱ्या दिवशी आत्यानं विचारलं. सुतक दहा दिवसांचं, थोरल्या मुलाला दहाव्याच्या आत समजलं तर तो तिकडं निदान आंघोळ करील, केस उतरवील, दोन दिवस का होईना आईचं सुतक धरील. अग्नी देण्याचा त्याचा मान गेला होता तो गेला. बाबा वाकलेला खिळा दगडावर सरळ करत होते. ते थांबले.

“तार त्याच्या खोलीवर जाईन, बाई. तो दार उघडन अन् वाचन. वाचताना त्याच्यापाशी कोन राहीन?”

“अन् रेडिओवर?” आत्या म्हणाली. “रेडिओवर तर असं सांगता येत नाई म्हणते ना तू?”

“नाई येत.”

एवढंच बोलून ते पुन्हा खिळा ठोकू लागले. तो सरळ झाला होता तरी ठोकत होते. मला वाटतं, त्यांनी काहीच ठरवलेलं नव्हतं. रविवारी मुलासमोर बसायचं इतकंच त्यांना माहीत होतं. समोर म्हणजे समुद्राच्या पलीकडं, पण बाबांना ते समोरच वाटे.

गुरुवारी दुपारी गारा पडल्या. बोराएवढ्या, मग त्याहून मोठ्या, कौलांवर असा आवाज की घरातल्या घरात बोललेलं ऐकू येईना. मागून वारा सुटला, कडुलिंबाची फांदी मोडून तारांवर आली आणि त्यांना घेऊन खाली गेली. पाऊस थांबल्यावर बाबा बाहेर गेले. दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालून चिखलात पडल्या होत्या आणि आईनं तळलेल्या कमच्या जागोजाग मोडल्या होत्या. त्यांनी त्या वेचल्या. मीही वेचल्या. काही अजून तेलकट चकचकत होत्या आणि त्यांना जवसाचा वास येत होता. मला वाटलं, आता तरी मला रडू येईल, आणि मी थोडी थांबलेही. आलं नाही. मग आम्ही त्या टोपल्यात भरल्या.

बाबांनी बांबू आणला, फाडला, कमच्या काढल्या, खाचा पाडल्या आणि आत्यापुढं जाऊन उभे राहिले. कढई हवी होती. आत्यानं मान हलवली. बाबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरी तळून आणाव्यात म्हटलं तर सुतकातल्या घरची वस्तू आपल्या चुलीवर कोण घेणार? शुक्रवारभर आणि शनिवारी सकाळी बसून त्यांनी कच्च्याच कमच्या बांधल्या. मी वेढे आवळत होते. फांद्या तोडल्या, बल्ली सरळ केली, तारा वर चढवल्या. खालून पाहिलं तर अगदी पहिल्यासारखं दिसत होतं. पण शनिवारी दुपारी पुन्हा एक सर आली, आणि ती गेल्यावर बाबांनी पेटी लावली.

ताकद तारांत जाते की नाही हे पाहायला त्यांनी खिडकीशी टॉर्चचा एक छोटा बल्ब बसवला होता. खटका दाबला की तो पेटे. एरवी लख्ख पेटणारा तो बल्ब त्या दिवशी नुसता तांबूस झाला, विझायला आलेल्या उदबत्तीएवढा. बाबांनी खटका दाबून धरला, सोडला, पुन्हा दाबला. आत्या सुपातले तांदूळ निवडता निवडता पाहत होती. तिला त्या विद्येतलं काही कळत नव्हतं, पण दिवा कमी झाला आहे हे कोणालाही कळलं असतं. तिनं विचारलं, काय झालं. बाबा म्हणाले, कमची पानी पेते, बाई. तेल पाजलं असतं तर नसती पेली.

“मंग उद्या त्याले कसं समजन?”

“तार करीन सकाळी.”

आत्यानं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “अन् तार वाचताना त्याच्यापाशी कोन राहीन?”

बाबांचंच वाक्य होतं ते. आत्या उठली, स्वतः माळ्याला शिडी लावली आणि कढई खाली काढली. घराच्या चुलीवर नाई, म्हणाली. उद्या आवाराच्या बाहेर, तीन दगडांवर. अन् ते तेल मंग फेकून द्याचं.

रविवारी सकाळी आवाराच्या भिंतीपलीकडं, रस्त्याच्या कडेला, आम्ही चूल मांडली. बाबा भिंतीअलीकडं, हाकेच्या अंतरावर, शिडीवर चढून कच्च्या कमच्या सोडवत होते आणि मी त्या आणून देत होते. आत्या रस्त्याकडं पाठ करून कढईपुढं बसली. जवसाचं तेल तापलं की त्याचा वास लपत नाही. मूलमध्ये तेव्हा सगळ्या घरांत तेच तेल, तळणाचा वास कोणत्या दिशेनं येतो हे बायका डोळे मिटून सांगत. सुतकाच्या घराकडून तळणाचा वास! थोड्याच वेळात गिरणीच्या दिवाणजींची बायको डोक्यावर पदर घेऊन हजर. ती जरा लांबच उभी राहिली आणि विचारलं, “काय तळून राह्यल्या, आत्याबाई?”

आत्यानं मागं पाहिलं नाही. “लाकडं,” ती म्हणाली.

दिवाणजींची बायको आली तशी गेली. दुपारपर्यंत गावात बोभाटा झाला की दुःखानं आत्याबाईंचं डोकं फिरलं. पुढं माझं लग्न ठरलं तेव्हा सासरकडच्या एका बाईनं मला विचारलं होतं, लाकडं तळणारं घर ते तुमचंच का? मी हो म्हटलं. गावातले बोल आत्याला ऐकू येत होते. आयुष्यभर जिनं कोणाला रीत सोडू दिली नाही तिला त्या दिवशी गावानं नावं ठेवली आणि तिनं कोणालाही काही समजावून सांगितलं नाही.

किती वेळ तळायचं हे आत्याला ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडं पाहू लागली. मी तेलाकडं पाहत होते. कमच्यांतून बुडबुडे येत होते, दाट, मग विरळ, मग एखाद्याच टोकाशी एखादा. तो थांबला. मी म्हटलं, झालं, पानी गेलं याच्यातलं. हे मी आईच्या आवाजात म्हटलं असावं, कारण शिडीवर बाबांचे हात थांबले. मला मात्र काही वाटलं नाही. मी जाळ ओढला आणि तेल निवायची वाट पाहत बसले. त्या दिवशी ऊन कडक पडलं. दुपारभर कमच्या पत्र्यावर वाळल्या, नीट कडक व्हायला त्यांना आणखी दिवस हवे होते, पण पाणी पिणार नाहीत इतपत झाल्या. तारा खाली घेऊन आम्ही तिघांनी मिळून त्या बांधल्या. आत्या कमच्या पुसून हातात देत होती. दिवेलागणीच्या आधी तारा वर गेल्या. बाबांनी खटका दाबला आणि बल्ब लख्ख पेटला. आत्यानं त्याला नमस्कार केला. देवघरातल्या दिव्याला करतात तसा, सवयीनं हात जुळले.

ठरल्या वेळी शिटी आली. दादाचा हात. मी दारात उभी होते. आई जिथं उभी राही तिथंच मी उभी आहे हे मला नंतर कळलं. दादा खुशीत होता हे आईनं सांगायची गरज नव्हती. त्यानं विचारलं, सिग्नल फार छान येतो, काय केलं? बाबांनी पाठवलं, गारा पडल्या, कमच्या नव्या. दादानं पाठवलं, इकडं ऊन. त्यानं कामावरचं काही तरी सांगितलं, रेडिओचा कोणता तरी नवा व्हॉल्व्ह. बाबा उत्तर देत होते. त्यांचा खटका नेहमीसारखाच चालला होता, इतका नेहमीसारखा की मला त्यांचा राग आला. त्या आठवड्यात मला आलेली ती एकच भावना. मग शिटीनं विचारलं, आज काय?

बाबांचा हात खटक्यावर तसाच राहिला. त्यांनी मान वळवली आणि चुलीकडं पाहिलं. इतक्या वर्षांची मान, ती वळणारच. तिथं आत्या बसली होती. पेटीतून नुसता खरखर आवाज येत होता, पलीकडं दादा वाट पाहत होता आणि बाबा चुलीकडं पाहत होते. तेव्हा मी म्हटलं, “वरणभात. बिनफोडणीचा.”

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग पाठवलं. एकेक अक्षर, हळू, दोन अक्षरांत नेहमीपेक्षा जास्त जागा सोडत.

पलीकडून काही आलं नाही. खरखर तेवढी. आमच्या भागातल्या, झाडीपट्टीतल्या, कोणत्याही घरातल्या मुलाला बिनफोडणीचं वरण कधी होतं हे सांगावं लागत नाही. बऱ्याच वेळानं शिटी आली. तीन शब्द, आणि हात दादाचा वाटेना.

“कोनं केलं वरन?”

बाबांनी पाठवलं, “तुह्या आत्यानं.”

मी तिसऱ्या प्रश्नाची वाट पाहिली. तो आला नाही. त्याला विचारायचं होतं आणि बाबांना सांगता येणार नव्हतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. मग शिटीनं फक्त दोन टिंबं पाठवली. टिक टिक. बातमी म्हणून त्याला अर्थ नाही. मी इथं आहे, इतकाच. बाबांनी तशीच दोन टिंबं परत पाठवली. मग खरखर. मग पुन्हा तिकडून दोन टिंबं, पुन्हा इकडून दोन. कधी लगेच, कधी इतक्या वेळानं की वाटे, गेला. पण येत. खिडकीशी बल्ब दर वेळी दोनदा पेटे आणि विझे. आत्या माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि तिनं माझा दंड धरला. बॅटरी उतरेपर्यंत हे चाललं. शेवटी दादाची टिंबं बारीक होत होत खरखरीत मिसळली, आणि बाबा त्यानंतरही बसून होते.

“समजलं त्याले?” आत्यानं विचारलं.

“समजलं.”

“तू सांगतलं?”

“मी काय जेवलो ते सांगतलं,” बाबा म्हणाले.

दहाव्याला नदीवर सगळं झालं. दादानं तिकडं त्याच रात्री केस उतरवले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, तो रजेवर आला तेव्हा. तेव्हाही तो त्या रविवाराबद्दल बोलला नाही. फक्त मागच्या अंगणात जाऊन वर तारांकडं पाहत उभा राहिला आणि म्हणाला, कमच्या मजबूत आहेत. आता दादाही नाही. त्या कमच्यांतली एक माझ्यापाशी आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीत पडद्याची दोरी तिला गुंडाळलेली असते. सून म्हणते, हे काय जुनं ठेवलंय. राहू दे म्हणते मी.

सुतक फिटलं, तेरावं झालं. आत्यानं कढई राखेनं घासघासून चुलीवर ठेवली, पहिली फोडणी स्वतः घातली आणि दुसऱ्या दिवशी गाडीनं निघून गेली. इंजिन सुरू झालं. घरात आता बाबा आणि मी. पुढच्या रविवारी मी वांग्याची भाजी केली, तिखट जास्त झालं. दिवेलागणीला बाबा पेटीपुढं बसले. सिग्नल, हवापाणी, कमच्या. आणि नेहमीसारखी शिटी आली, आज काय?

बाबांनी मान वळवली. मी चुलीपुढं बसले होते, हातात उलथनं होतं.

“काय सांगू त्याले?” त्यांनी विचारलं.

मला सांगता येईना. मी रडत होते.